आयटीवाले काय बोलतात ते मालकाला कळेल असं कसं सांगायचं?

भोसरीचा_बीए

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा होता, टंकाळ्यामुळे राहून गेला. मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे, म्हणजे मधला माणूस. एका बाजूला भोसरी-चाकणचे कारखानदार, दुसऱ्या बाजूला आमची डेव्हलपर पोरं. आमचा टेक लीड मीटिंगमध्ये एपीआय, स्टेजिंग, यूएटी, स्प्रिंट असं सुरू झाला की मालक मान डोलावतात, चहा येतो, सही होते आणि चार महिन्यांनी भांडण सुरू.

बहुतेक लोक सांगतात की उपमा देऊन समजवा. एपीआय म्हणजे हॉटेलातला वेटर, तुमची ऑर्डर किचनला नेतो वगैरे. मला हा प्रकार आता पटत नाही. वेटरची गोष्ट ऐकून मालक खूश होतो, अच्छा अच्छा म्हणतो, पण सही करताना त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला खरं तर एवढंच कळायला हवं असतं की याचे पैसे कोण देणार आणि किती वेळा, बिघडलं तर निस्तरायचं कुणी, आणि उद्या तुमच्याशी पटलं नाही तर माझ्या हातात काय उरणार.

एपीआयचंच घ्या. मी आता थेट ई-इनव्हॉइस दाखवतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल सेव्ह केलं की त्यातली माहिती सरकारी पोर्टलकडे जाते, तिथे तपासणी होते, आणि ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि सही केलेला क्यूआर परत येतो, तो बिलावर छापला जातो. ही जी दोन सॉफ्टवेअरमधली ठरलेली देवाणघेवाण आहे तिला एपीआय म्हणायचं. इथवर सगळ्यांना कळतं. पण मालकाच्या कामाची गोष्ट पुढे आहे. पोर्टल आपलं नाही, नियम आपले नाहीत, ते बदलतात. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागू झालं आणि टप्प्याटप्प्याने खाली येत ऑगस्ट २०२३ ला मर्यादा ५ कोटींवर आली. मध्येच नवीन फील्ड, नवीन तपासण्या, लॉगिनची पद्धत बदलली. त्या प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरमध्ये काम निघतं. कोटेशनमध्ये 'एपीआय इंटिग्रेशन' अशी एक ओळ आणि एक आकडा असेल तर विचारा की समोरच्यानं बदल केला तर तो एएमसीमध्ये (वार्षिक देखभालीच्या करारात) धरलाय की वेगळं बिल येणार. एवढा एक प्रश्न विचारला तरी मालकाला एपीआय कळला असं मी म्हणेन.

तुम्ही लोक कसं समजावता? आणि इथे कुणी मालक असतील तर त्यांनीही लिहा, तुमची बाजू ऐकायचीय.

चिवडा_पार्सल

वाचनखूण साठवली. आमच्या ऑफिसात उलटं आहे, मालकाला सगळं कळतं आणि आम्हालाच नाही :D

यंत्रमागवाला

मी मालक. इचलकरंजी. धागा अगदी वेळेवर आला बघा, कारण माझ्या टेबलावर आत्ता एक कोटेशन पडलंय आणि मुलगा म्हणतोय सही करा. सूत खरेदी, साइझिंगला (सुताला खळ लावायला) पाठवणे, बीम, ताका (कापडाचा तागा) एंट्री, जॉबवर्क चलन, बिलिंग असं सगळं एकात करून देणार आहेत. काम समजून घेतलंय पोरांनी, तक्रार नाही. पण शेवटचं पान असं आहे (जसंच्या तसं टाइप करतोय):

'डेव्हलपमेंट फी एकरकमी. यूएटी १० कामकाजाचे दिवस, त्यानंतर स्वीकृती गृहीत. गो-लाइव्हनंतर ३० दिवस हायपरकेअर. एएमसी दरवर्षी १८ टक्के. क्लाउड खर्च प्रत्यक्ष येईल तसा. अपटाइम ९९ टक्के. स्कोपबाहेरील काम सीआर म्हणून आकारले जाईल.'

यातलं एकरकमी तेवढं कळ्ळं. बाकी सांगा की राव.

भोसरीचा_बीए

दादा, हे पान म्हणजे धाग्याला लॉटरीच लागली. यूएटीपासून सुरू करतो, कारण बाकी सगळ्यापेक्षा तिथेच जास्त भांडणं होतात.

यूएटी म्हणजे सॉफ्टवेअर तयार झालं असं त्यांचं म्हणणं झालं की तुमच्या माणसांनी ते वापरून बघायचं आणि होय-नाही सांगायचं. त्या ओळीतले शेवटचे दोन शब्द परत वाचा, 'स्वीकृती गृहीत'. म्हणजे १० दिवसांत तुम्ही लेखी काही कळवलं नाहीत तर तुम्हाला माल पसंत पडला असं धरणार, शेवटचा हप्ता देय होणार, आणि त्यानंतर सापडलेली चूक ही चूक आहे की तुमची नवीन मागणी यावर वाद घालायला तुम्ही मोकळे.

आता प्रत्यक्षात काय होतं सांगतो. त्या १० दिवसांत मालक सुरतला असतात, मुलगा दोन स्क्रीन उघडून बघतो, मस्त दिसतंय म्हणतो. ज्या दिवाणजींना रोज त्यावर बसायचंय त्यांना कुणी बोलवतच नाही. गो-लाइव्ह झाल्यावर, म्हणजे खरं काम त्यावर सुरू झाल्यावर, पहिल्याच सोमवारी दिवाणजी विचारतात, एक ताका मध्येच कापून दोन पार्ट्यांना द्यायचा झाला तर एंट्री कुठे? आणि सॉफ्टवेअरमध्ये ताका म्हणजे एक अखंड नग असं धरलेलं असतं, तो तुटूच शकत नाही. हे एका बटणाचं काम नाही बरं का, डेटा ज्या पद्धतीनं साठवलाय तिथपासून बदलायला लागतं.

म्हणून दिवाणजींना बसवा, मागच्या एका महिन्याची खरी चलनं, खरी बिलं समोर ठेवा, आणि तो अख्खा महिना नव्या सॉफ्टवेअरमध्ये परत घाला. महिनाअखेरचा स्टॉक जुन्या वहीशी जुळला तर पास. जे जुळलं नाही त्याचा स्क्रीनशॉट आणि ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवर 'जरा बघा' नको. आणि १० चे २० दिवस करून मागा, देतात.

सीआर म्हणजे चेंज रिक्वेस्ट. वरचं ताक्याचं उदाहरण हाच सीआर होणार. ते म्हणतील स्कोपमध्ये (काय काय करून देणार त्या यादीत) फक्त 'ताका एंट्री' लिहिलंय, तुम्ही म्हणणार ताका एंट्रीत कापणं आलंच की. दोघंही खरं बोलताय. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: स्कोपला तुमच्याकडचे खरे कागद जोडा. साधं चलन, परतीचं चलन, कापलेल्या ताक्याचं चलन, खराब माल परत आल्याचं चलन. 'हे सगळे कागद यातून निघाले पाहिजेत' अशी एक ओळ आणि दोघांच्या सह्या.

कॅल्क्युलेटर_ताई

सीए आहे, म्हणून त्या बाजूनं थोडी भर. यंत्रमागवाला दादा, साइझिंगला सूत पाठवता म्हणजे आयटीसी-०४ (जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं जीएसटी विवरणपत्र) आलं. स्कोपमध्ये 'जॉबवर्क चलन' एवढंच असेल तर ते फक्त चलन छापून देतील आणि सहा महिन्यांनी (५ कोटींच्या खाली असाल तर वर्षानं) माझ्यासारखं कुणीतरी एक्सेलमध्ये डोकं फोडत बसेल. तो रिपोर्ट आत्ताच लिहून घ्या.

दुसरं, ई-इनव्हॉइस पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येतं, नंतर क्रेडिट नोट. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये रद्दचं बटण २४ तासांनंतर चालता कामा नये. डेव्हलपरला हे आपोआप माहीत असतं असं धरू नका, त्याच्यासाठी बिल म्हणजे एक टेबल आणि डिलीट म्हणजे डिलीट!

आणि तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद, आणि ती बंद करता येता कामा नये. शिवाय हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर, रोजच्या रोज. भागीदारी किंवा प्रोप्रायटरी असेल तर हा कंपनी कायद्यातला नियम तुम्हाला नाही, तरी मागा, फुकटात मिळण्यासारखं आहे.

यंत्रमागवाला

ताई, प्रायव्हेट लिमिटेडच आहे. ऑडिट ट्रेलचं कुणी अवाक्षर काढलं नाही हो. लिहून घेतो. ९९ टक्के अपटाइम चांगला की वाईट? ऐकायला तर डिस्टिंक्शन वाटतंय.

रात्रपाळी

अखेर आमच्या खात्याचा प्रश्न आला. सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे, नावावरून कळलंच असेल.

गणित करा. वर्षाचे ८७६० तास. ९९ टक्के म्हणजे १ टक्का बंद चालेल असं तुम्ही सही करून देताय, म्हणजे वर्षाला ८७ तास, साडेतीन दिवसांच्या वर. महिन्याला सात तास. आणि ते सात तास कधी येणार ते करारात नसतं, ते २० तारखेला ३बी (जीएसटीचं मासिक विवरणपत्र) भरायच्या संध्याकाळी येतात हा माझा अनुभव. ९९.९ म्हटलं की वर्षाला पावणेनऊ तास. एका नऊचा फरक केवढा बघा. पुढचा नऊ मात्र महाग असतो, ९९.९९ मागायला जाऊ नका, तुमचे माग त्या सॉफ्टवेअरवर चालत नाहीत, दोन तास बंद पडलं तर वहीत लिहाल.

दोन गोष्टी बारीक अक्षरात असतात. 'नियोजित देखभाल वगळून', म्हणजे त्यांनी आधी सांगून बंद ठेवलं तर ते मोजायचंच नाही. आणि आकडा चुकला तर काय? बहुतेक ठिकाणी पुढच्या बिलात थोडी सूट, बस्स. तुमचं झालेलं नुकसान कुणी भरून देत नाही, अ‍ॅमेझॉन असो नाहीतर गल्लीतला होस्टिंगवाला.

खरं विचारायचं ते बॅकअपबद्दल, आणि तुमच्या त्या पानावर बॅकअप हा शब्दच नाही!! 'घेतो की रोज' असं उत्तर येईल. त्यावर समाधान मानू नका. गिटलॅब नावाची कंपनी आहे, डेव्हलपर लोकांचा कोड सांभाळणं हाच तिचा धंदा. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनियरनं रात्री दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला, ३०० जीबीतला साडेचार उरला तेव्हा हात थांबला. मग बॅकअप शोधायला गेले तर पाच वेगवेगळ्या पद्धती लावलेल्या, आणि धड चालणारी एकही नाही. कुणीतरी सहा तासांपूर्वी टेस्टिंगसाठी काढून ठेवलेली एक कॉपी होती म्हणून वाचले, मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलंय, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर लाइव्हसुद्धा दाखवली, त्याबद्दल मानलं पाहिजे.

तर विचारायचं असं: शेवटचा बॅकअप परत चालू करून कधी बघितला होता? बंद पडलं तर किती तासांत उभं करणार? आणि उभं केल्यावर माझी किती तासांची एंट्री गायब असणार? शेवटच्या दोन्हीला आमच्याकडे आरटीओ आणि आरपीओ म्हणतात, ते शब्द विसरलात तरी चालेल, आकडे तेवढे करारात घ्या.

चिवडा_पार्सल

आरटीओ म्हटल्यावर मालक लायसन्स काढून दाखवेल.

रात्रपाळी

हसू नका, आमच्याकडे 'प्रॉडक्शन डाउन आहे' असा मेसेज चुकून कस्टमरच्या ग्रुपवर गेला होता, प्लांट हेड धावत शॉप फ्लोअरवर गेले होते. प्रॉडक्शन म्हणजे ज्या सर्व्हरवर तुमचं खरं काम चालतं तो. स्टेजिंग म्हणजे त्याची हुबेहूब कॉपी, बदल आधी तिथे करून बघायचा. छोटे व्हेंडर खर्च वाचवायला स्टेजिंग ठेवत नाहीत आणि थेट चालू सॉफ्टवेअरमध्ये बदल करतात. नाइट कॅपिटल म्हणून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली मोठी ट्रेडिंग कंपनी होती, १ ऑगस्ट २०१२ ला आठपैकी सात सर्व्हरवर नवीन कोड गेला, आठव्यावर जुनाच राहिला, बाजार उघडल्यावर पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

जुना_कोबोल

बीए साहेब, उपमा नको म्हणताय ते बऱ्याच अंशी पटतं पण एका शब्दाबद्दल असहमत. टेक्निकल डेट, म्हणजे तांत्रिक कर्ज. हा शब्द मुळात साहेबाला समजवायलाच निघालाय. वॉर्ड कनिंगहॅम म्हणून अमेरिकन प्रोग्रॅमर, एका आर्थिक व्यवहाराच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते, चालू कोड परत का लिहायचाय हे बॉसला सांगायला त्यांनी कर्जाची भाषा वापरली. १९९२ ला ते जाहीरपणे मांडलं. आज घाईत काम उरकलं की कर्ज घेतलं, फेडलं नाही तर पुढच्या प्रत्येक बदलाला व्याज.

मी १९९८ ला वायटूकेच्या लाटेत इकडे आलो, आपली कितीतरी मराठी पोरं त्याच कामावर अमेरिकेत उतरली. ते काय होतं? साठ-सत्तरच्या दशकात मेमरी महाग म्हणून वर्ष दोन आकड्यांत ठेवलं, ६८, ७२ असं. त्या काळात तो शहाणपणाच होता! कुणाला वाटलं होतं तोच कोड २००० साली चालू असेल आणि ०० म्हणजे १९०० धरेल. व्याज शेवटी आमच्या पगाराच्या रूपानं बँकांनी भरलं :) कारखानदाराला कॅश क्रेडिट कळतं, त्याला हे दोन मिनिटांत कळतं. कर्ज घेणं वाईट नाही हेही त्याला सांगायला लागत नाही. फक्त घेतलंय हे त्याला कळवलं पाहिजे, आपली पोरं तेवढंच लपवतात.

अवांतर: 'उशीर झालाय तर अजून दोन माणसं लावा' असं मालक हमखास म्हणतात. आयबीएमची मोठी सिस्टीम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सनी १९७५ लाच सांगून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो. नवीन माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो ना.

भोसरीचा_बीए

कोबोल काका, टेक्निकल डेट मान्य, कारण ती उपमा निर्णयाला उपयोगी पडते, वेटर पडत नाही. तेवढी दुरुस्ती करून घेतो.

अजाइलबद्दलही लिहा ना कुणीतरी, मला त्यावर तोंड उघडलं की राग येतो.

जुना_कोबोल

थोडक्यात: २००१ मध्ये युटामधल्या एका स्की रिसॉर्टवर १७ जणांनी बसून चार ओळींचा अजाइल जाहीरनामा काढला (कनिंगहॅम त्यातही होते), मुद्दा हा की सहा महिन्यांनी एकदम दाखवण्यापेक्षा दर एक-दोन आठवड्यांनी चालणारं काहीतरी दाखवा आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहा. ते दोन आठवडे म्हणजे स्प्रिंट. आपल्याकडे त्याचा अर्थ 'लिहून काही द्यायचं नाही' असा झालाय. मालकानं एवढंच बघावं: दर दोन आठवड्यांनी पीपीटी दाखवताहेत की माझं स्वतःचं चलन काढून दाखवताहेत. '९० टक्के झालंय' या वाक्याला किंमत शून्य, उरलेल्या दहा टक्क्यांत अख्खं वर्ष जाऊ शकतं.

कोर्टकचेरी

उशिरा आलो. सगळं वाचलं, पण जी गोष्ट त्या पानावर नाहीच ती कुणी काढली नाही. बीए साहेबांनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं की सोडून जायचं झालं तर हातात काय उरणार. तर सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचं मूळ लिखाण, कुणाचा?

मालकांचा ठाम समज असतो की मी पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर माझं. कायदा तसं म्हणत नाही. कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ मध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि कलम १७ नुसार पहिला मालक तो लिहिणारा. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालकी नोकरी देणाऱ्याची. पण बाहेरच्या व्हेंडरला काम दिलं तर तो तुमचा नोकर नाही, मालकी त्याच्याकडे राहते, तुम्ही लाखो रुपये दिले असले तरी. ती तुमच्याकडे यायला लेखी, सही केलेलं हस्तांतरण लागतं, कलम १९. आणि त्यातही गंमत अशी की मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्यामुळे 'सर्व हक्क ग्राहकाचे' असं मोघम न लिहिता कायमस्वरूपी आणि जगभरासाठी असं स्पष्ट लिहा.

आता व्हेंडरची बाजू. त्याचा मूळ ईआरपी (सगळा धंदा एकात सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्यानं दहा गिऱ्हाइकांना दिलेला असतो, तो तुम्हाला देणार नाही आणि मागूही नये. त्याचं लायसन्स घ्या. फक्त तुमच्यासाठी जे वेगळं लिहिलंय त्याची मालकी मागा, आणि डेटा कधीही, एक्सेलमध्ये उघडेल अशा स्वरूपात, विनाशुल्क मिळेल अशी अट घाला. डेटाची अट कोडपेक्षा जास्त महत्त्वाची असं माझं मत.

डोमेनही (वेबसाइट-ईमेलचं नाव) बघा. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात कंपनीची वेबसाइट, सगळ्यांचे ईमेल, सगळं व्हेंडरच्या नावावर रजिस्टर होतं. भांडण झालं, रिन्यूअल थांबलं, ऑर्डरीचे ईमेल बंद. डोमेन आणि क्लाउडचं खातं आपल्या नावानं, आपल्या कार्डावर, व्हेंडरला नुसता अ‍ॅक्सेस.

रात्रपाळी

+१. आणि 'क्लाउड खर्च प्रत्यक्ष येईल तसा' (क्लाउड म्हणजे भाड्यानं घेतलेला सर्व्हर) ही ओळ अशीच सुटते. खातं तुमच्या नावावर असलं की बिल तुम्हालाच येतं, मध्ये कुणाचं मार्जिन नाही. महिन्याला अमुक रकमेच्या वर गेलं की ईमेल येईल अशी सोय मोठ्या क्लाउडवर असते, लावून घ्या. सर्व्हर मुंबईचा निवडा, अ‍ॅमेझॉनचा २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचा हवा तर पुण्यात, म्हणजे ताईंची भारतातल्या बॅकअपची अटही तिथेच सुटते.

यंत्रमागवाला

मंडळी, काल त्या पोरांना बोलावलं, धाग्याचा प्रिंट काढूनच बसलो. सांगतो काय झालं. यूएटी २० दिवस लगेच कबूल, कागद जोडायला उलट तेच खूश झाले, म्हणाले सगळे असं देतील तर बरं होईल. ऑडिट ट्रेल आहे म्हणे, दाखवला पण. अपटाइम ९९.५ वर आले, त्याच्या वर नाही म्हणाले, ठीक आहे. बॅकअप परत चालू करून कधी बघितला विचारल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी दर तीन महिन्यांनी माझ्या दिवाणजींसमोर करून दाखवायचं ठरलं. डोमेन, क्लाउड माझ्या नावावर. कोडबद्दल 'सरांना विचारून सांगतो'.

एक राहिलं. एएमसी १८ टक्के जास्त आहे का, आणि ती पहिल्या दिवसापासून लावलीय.

भोसरीचा_बीए

१५ ते २० टक्के सगळीकडे चालतं, १८ ला हरकत नाही. पण पहिल्या दिवसापासून नको. त्यांच्या चुका दुरुस्त करायला तुम्ही एएमसी का भरायची? हायपरकेअर, म्हणजे सुरू झाल्यावरची खास देखरेख, ३० दिवसांचं ९० करा, तेवढ्यात एक तिमाही निघते, आणि एएमसी त्यानंतर. शिवाय १८ टक्के कशावर ते लिहून घ्या, मूळ फीवर की मूळ फी अधिक सगळे सीआर धरून. दुसरं असेल तर प्रत्येक सीआर दरवर्षी परत परत भरत राहाल.

यंत्रमागवाला

सीआर धरूनच लिहिलंय, आत्ता बघितलं. परत फोन लावतो.